रेघवाले सर

आमच्या शाळेत त्यांच्यावर कोणाचाच भरवसा नव्हता, आणि त्यांचा तर कोणावरच नव्हता. मी गणित शिकवायला त्या शाळेत लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी मला दोन सूचना मिळाल्या. एक शिपायाने दिली. "इंग्लिशवाल्या सरपाशी जास्त बोलू नका. तुमच्या पोटातलं काढून घेतील." दुसरी खुद्द त्यांनीच दिली. मधल्या सुट्टीत ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि खाली वाकून हळूच म्हणाले, "इथं कोणापाशी जास्त बोलत नका जाऊ. सगळे ऐकून राहिले."

शाळा कोंढ्याच्या पुढे, धानाच्या बांध्यांमध्ये उभी होती. भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळं निघालं त्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. कागदांवरचे शिक्के बदलले होते, पण लोकांच्या तोंडी अजून जुनाच जिल्हा होता. सरांची एकुलती एक बहीण आमगावकडे दिलेली. तो विषय निघाला की ते म्हणत, "काल झोपलो तवा बहीण जिल्ह्यात होती. सकाळी उठून पेपर पाह्यला तं परजिल्ह्यात. आपल्याले कोणी इचारलं काय?" यावर त्यांना उत्तर नकोच असे. आपण काय बोलतो त्यापेक्षा आपण बोलताना कोणाकडे पाहतो, याकडे त्यांचं लक्ष असे.

अंगाने सडपातळ, पांढरा फुल शर्ट, त्याची गळ्याची गुंडीही लावलेली. सायकलीच्या घंटीची वाटी एकदा कोणीतरी चोरली, तेव्हापासून शाळेत आले की ते नवी वाटी फिरवून काढत आणि खिशात टाकत. वर्गात फिरताना खिशात ती किल्ल्यांवर आपटून किणकिणत असे. त्यामुळे ते येतात हे पोरांना आधीच कळे, आणि आपण आलो की वर्ग एवढा शांत कसा, असा त्यांना संशय येई. जेवणाचा डबा उघडला की आधी भाजी चमच्याने उलटीपालटी करून पाहत. एकदा मी विचारलं, "सर, डबा तर घरूनच आला ना?" ते म्हणाले, "घरून निघाला तवा बरोबर होता. रस्त्यानं काय झालं ते कोणाले मालूम?" रस्त्याने तो त्यांच्याच सायकलीला टांगलेला असे. आणि कुठे चालले सर, असं कोणी विचारलं की उत्तर एकच: "समोर."

पोरं त्यांना रेघवाले सर म्हणत. कारण इंग्रजीतला आज, म्हणजे टुडे, ते एका शब्दात लिहीतच नसत. फळ्यावर आधी टु लिहायचे, मग जागा सोडून डे लिहायचे, आणि सगळ्यात शेवटी मधली आडवी रेघ. ती ओढताना खडू असा दाबत की त्याचं टोक तुटून पडे. टु-मॉरो, टु-नाइट, वीक-एंड, गुड-बाय, बस-स्टॉप, सगळ्यांच्या मधे रेघ. काही शब्दांना रेघ नसे, पण त्यांचं स्पेलिंग आम्ही कुठे पाहिलेलं नव्हतं. जेल ते जे या अक्षरापासून लिहीत नसत. जी, ए, ओ, एल असं लिहीत. शो मध्ये ओ च्या जागी ई घालत. वॅगनला दोन जी देत आणि कनेक्शनमध्ये एक्स बसवत. पाठ्यपुस्तकात काही का छापलेलं असेना, पोरांनी वहीत त्यांच्यासारखंच लिहायचं, हा नियम. ज्याने रेघ दिली नाही त्याला ते मारत नसत. त्याच्याकडे नुसतं पाहत आणि विचारत, "हे असं लिवाले तुले कोणं सांगतलं? नाव सांग." पोरगं घाबरून रेघ देऊन टाकी.

मी नवा होतो, अंगात रग होती. एकदा स्टाफरूममध्ये म्हणालो, "सर, ही रेघ आता कोणी देत नाही. भाषा बदलत असते."

"आपोआप?"

"हो, आपोआपच."

"तुमच्या घराचं कुलूप आपोआप निघालं तं तुमी काय म्हणसाल?"

तेच पुढे म्हणाले, "हे दोन शब्द होते मास्तर. कोणीतरी जवळ आणले. मंग मधात रेघ दिली, का बा दोघं संग आहेत, पण वेगळे बी आहेत. आता रेघच काढून टाकली. कोणं काढली? कधी काढली? आपल्याले कायले सांगतलं नाही?" मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "छापखानेवाल्याईचं काम आहे हे. शाई वाचवून राहिले." हे ते थट्टेने म्हणत नव्हते.

मला त्यांच्याबद्दल संशय यायला लागला तो याच सुमारास. हा माणूस खरंच इंग्रजी शिकलाय का? पदवी कुठली? तुमसरच्या पलीकडचे, बपेऱ्याकडचे, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. त्यात दर रविवारी ते दोन बस बदलून साकोलीला जात. कशाला, ते कोणाला ठाऊक नव्हतं. स्टाफरूममध्ये त्यावर वेगवेगळी मतं होती. विज्ञानाच्या बाईंचं म्हणणं, तिकडे दुसरा संसार असावा. ड्रॉइंगचे सर म्हणत, तो आपल्या बातम्या कोणालातरी नेऊन देतो.

एका रविवारी मी साकोलीला एका लग्नाला गेलो होतो. बसस्टँडच्या मागे रद्दीवाल्याची टपरी होती, तिथे सर उकिडवे बसलेले दिसले. भोवती जुन्या इंग्रजी पुस्तकांचा ढीग. एकेक पुस्तक उघडायचे, काहीतरी शोधायचे, पहिल्या पानावर छापल्याचं साल पाहायचे आणि बाजूला ठेवायचे. मी थोडा वेळ आडून पाहिलं. शेवटी रद्दीवाल्यालाच विचारलं, हे काय घेतात?

"काहीच नाही घेत," तो म्हणाला. "कोणत्या सालापासून रेघ गेली, थे पाहतेत म्हणे. कई वर्षं झाली, चालूच आहे."

तेवढ्यात सरांनी मला पाहिलं. चेहरा एकदम बंद झाला. "तुमी इकडं काहून आले?"

"लग्न आहे सर."

"कोणाचं?"

मी नवऱ्या मुलाचं नाव सांगितलं. त्याच्या बापाचंही सांगितलं. तरी त्यांचं समाधान झालं नाही. म्हणाले, "चला, कार्यालय दाखवा." आम्ही दोघं चालत मंगल कार्यालयापर्यंत गेलो. दारावर लावलेलं नाव त्यांनी वाचलं आणि मगच त्यांचे खांदे सैल झाले. तिथेच बाहेर, मांडवाच्या सावलीला उभं राहून त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. ती त्यांनी शाळेत दुसऱ्या कोणाला सांगितली असेल असं मला वाटत नाही.

त्यांचे वडील मँगनीजच्या एका खाणीवर साहेबाच्या बंगल्यात स्वयंपाकी होते. साहेब देश सोडून गेला तेव्हा बंगल्यातलं सामान ज्याने त्याने उचललं. कोणी खुर्ची नेली, कोणी कंदील. वडिलांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी डिक्शनरी आणली. तिला पुठ्ठा नव्हता, पहिली पानं नव्हती. पोरगं त्यावर शिकलं.

"माह्या बापानं जिंदगीत एकच पुस्तक घरी आणलं," सर म्हणाले. "आन आता हे म्हणतेत त्याच्यातलं चालत नाही. मले आधी पाहू द्या ना, कधीपासून चालत नाही ते."

एवढं बोलून ते थांबले आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागले, की आपण हे याला का सांगितलं. जेवायला चला म्हटलं तर आले नाहीत.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात दहावीचा निकाल लागला आणि आमच्या शाळेचा राखून ठेवला गेला. सामूहिक कॉपीचा संशय. नोटिशीत लिहिलं होतं, की इंग्रजीच्या पेपरात सर्व विद्यार्थ्यांनी एकसारख्या चुका केल्या आहेत, उदाहरणार्थ टु-डे, टु-मॉरो, टु-नाइट, इत्यादी. म्हणजे फळ्यावर कोणीतरी उत्तरं लिहून दिली असावीत. मुलांना घेऊन नागपूरच्या ऑफिसात सुनावणीला हजर राहावं.

पेपर तपासणाऱ्याचं तरी काय चुकलं? पन्नास किलोमीटरवर बसलेल्या माणसाला रेघवाले सर कसे माहीत असणार?

आमचे हेडमास्तर, त्यांना सगळे मोठे सर म्हणत, एकदम खचले. पूर्वी अशा वेळी जिल्ह्याच्या ऑफिसात ओळखीचे दोन कारकून होते. जिल्हा तुटल्यावर ते गोंदियाला गेले. आपल्याच शाळेत असं शिकवतात हे कबूल करायला नको, म्हणून मोठ्या सरांनी स्वतःच उपाय काढला. पोरांना रोज शाळेत बोलावून नोटिशीतले तिन्ही शब्द रेघेशिवाय लिहून घ्यायला लागले. "तिथं लिवाले सांगतलं तं बरोबर लिवजा. म्हणजे त्याईले पटते का आपले पोट्टे हुशार आहेत." आणि इंग्रजीच्या सरांना ताकीद दिली, की पोरांशी एक शब्द बोलायचा नाही.

सरांनी मात्र वेगळाच अर्थ लावला. त्यांच्या मते ही तक्रार शाळेतूनच कोणीतरी केली होती. मोठे सर, विज्ञानाच्या बाई, ड्रॉइंगचे सर आणि मी, चौघांकडेही ते त्याच नजरेने पाहू लागले.

त्या दिवसांत प्रज्ञाची आई शाळेत आली. प्रज्ञा वर्गात पहिली येणारी पोरगी. तिला नर्सिंगला जायचं होतं आणि निकालावाचून अर्ज भरता येत नव्हता. आई धानाच्या रोवणीवरून तशीच आली होती, पायांना पोटरीपर्यंत चिखल. व्हरांड्यात सरांपुढे उभी राहिली.

"जयभीम सर. माह्या पोरीनं कोणाचं पाहून लिवलं काय?"

सर म्हणाले, "तुमाले कोणं पाठवलं?"

"कोणीच नाही. रोवणी सोडून आली मी. गावात बाया म्हणतेत, तुयी पोरगी हुशार म्हणत होती ना, तं कॉपीच करून पास होत होती. ते म्हणोत. मले फक्त तुमच्या तोंडून ऐकाचं आहे."

सर व्हरांड्याच्या पायरीवर खाली बसले. म्हणाले, "तिनं माह्यं पाहून लिवलं बाई. तिचं काही नाही."

एवढं ऐकून ती माउली परत शेतावर गेली.

सुनावणीच्या दिवशी मोठे सर, मी आणि पोरं एका बसने गेलो. सर आमच्याबरोबर आले नाहीत. आम्ही पोचलो तेव्हा ते ऑफिसच्या जिन्याखाली आधीच उभे होते, भिंतीला पाठ लावून. पोरं एका खोलीबाहेर रांगेत बसली. मोठे सर आत साहेबांना भेटायला गेले, तशी प्रज्ञा उठून सरांपाशी आली.

"सर, मोठे सर म्हणतेत रेघ नका देऊ. तुमी तं द्या म्हणता. आता मी काय लिवू?"

सरांनी आधी तिच्या मागे पाहिलं, मग दाराकडे, मग माझ्याकडे. मला स्पष्ट दिसलं, की ही पोरगी आपल्याला पकडायला पाठवली आहे असं त्यांना वाटतंय. "मोठ्या सरले इचार," ते म्हणाले आणि तोंड फिरवून घेतलं. प्रज्ञा थोडी थांबली, मग जागेवर जाऊन बसली.

मला तेव्हा त्यांचा राग आला. त्यांना बाजूला घेऊन काही बोलावं म्हणून मी उठलो, तेवढ्यात पोरांना आत बोलावलं. आम्हा मास्तरांना दारातल्या बाकावर बसवलं. दार उघडं होतं. साहेबांनी पोरांना कोरे कागद दिले आणि इंग्रजीतून चार-पाच वाक्यं सावकाश सांगितली. आज, उद्या, आज रात्री, सगळं त्यात आलं. पोरांनी खाली माना घालून लिहिलं. साहेबांनी कागद गोळा केले, एकेक पाहिला, शेजारी ठेवलेले परीक्षेचे पेपर पाहिले, आणि मोठ्या सरांना आत बोलावलं.

"परीक्षेत सगळ्यांनी एकसारखं चुकीचं लिहिलं," ते म्हणाले. आवाज शांत होता. "आणि इथे सगळ्यांनी एकसारखं बरोबर लिहिलं आहे. म्हणजे तिथलं यांचं नव्हतं. आणखी काय पाहायचं मी?"

मोठे सर काहीतरी पुटपुटले. एक पोरगी रडायला लागली. प्रज्ञा रडत नव्हती. ती दारातून आमच्याकडे, म्हणजे सरांकडे पाहत होती.

माझ्या शेजारी खिशातली वाटी किणकिणली. सर उठून आत गेले होते.

"साहेब, मी या पोट्ट्याईचा इंग्रजीचा मास्तर. यायले शाळेतून घोकवून आणलं आहे. नोटिशीत तीन शब्द होते, तेवढेच घोकवले. इत्यादीत काय होतं ते यायच्या मोठ्या सरले मालूम नाही. मले मालूम आहे."

"तुम्ही बाहेर बसा."

"बसतो. फक्त यायले तुरुंग लिवाले सांगा. इंग्रजीत. मी भिताडाकडं तोंड करून उभा राहतो."

आणि ते खरंच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. साहेबांनी थोडा विचार केला. मग कागद परत वाटले आणि म्हणाले, "लिहा. जेल." परीक्षेच्या पेपरांतल्या लाल खुणा पाहून पुढे आपणच म्हणाले, "शो. वॅगन. कनेक्शन."

हे कागद पाहायला त्यांना वेळ लागला. पोरांनी जी, ए, ओ, एल लिहिलं होतं. शो मध्ये ई होता. एक कागद त्यांनी वर उचलला. "हे काय आहे? याने गोल लिहिलंय."

भिंतीकडे तोंड ठेवूनच सर म्हणाले, "तो नरेश असंल. त्याचा ए आन ओ नेहमीच उलटा होते. त्याचा परीक्षेचा पेपर काढा साहेब. स्वातंत्र्यदिनाचा निबंध पाहा."

साहेबांनी पेपर काढला. निबंध शोधला. नरेशच्या निबंधात सगळे देशभक्त तुरुंगात जायच्या ऐवजी गोल मध्ये गेले होते. शेजारच्या पोराच्या पेपरात ते बरोबर तुरुंगात गेले होते, म्हणजे सरांच्या तुरुंगात. साहेबांनी चार-दोन पेपर आणखी उलटून पाहिले. मग खुर्चीत मागे टेकले आणि पहिल्यांदा त्यांनी सरांना बसा म्हटलं.

"कॉपी नाही," ते म्हणाले. "पण सर, हे तुम्ही काय शिकवता आहात? हे कोणत्या काळातलं इंग्रजी आहे?"

साहेबांनी एक कोरा कागद सरांपुढे सरकवला.

"निकाल मी सोडतो. पण मला कारण दाखवावं लागेल. तुम्ही लिहून द्या, की मुलांना हे स्पेलिंग तुम्ही शिकवलं."

सरांनी कागद समोर ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि थांबले. "चूक लिवू का जुनं लिवू?"

"त्यात काय फरक आहे?"

"चूक म्हटलं तं तुमी पोट्ट्याईचे मार्क कापसाल. जुनं म्हटलं तं मले कापसाल." साहेब काही बोलायच्या आत त्यांनी लिहायला सुरुवातही केली. "जुनं लिवतो."

पुढे जे व्हायचं ते झालं. निकाल लागला, पोरं पास झाली, नरेशसुद्धा. प्रज्ञा नर्सिंगला गेली. सरांकडून वरचे वर्ग काढून घेतले आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी पाचवीला भूगोल शिकवला. ती तक्रार शाळेतूनच झाली होती असं ते शेवटपर्यंत म्हणत राहिले, आणि संशयितांत माझंही नाव असे.

पण त्यांची आठवण निघाली की मला त्या दिवसाचा परतीचा प्रवास आठवतो. संध्याकाळची बस होती. मोठे सर पुढे बसले होते, पोरं मधल्या बाकांवर गलका करत होती. सर या वेळी आमच्याच बसमध्ये चढले आणि मागे माझ्या शेजारी येऊन बसले. उमरेड गेल्यावर ते म्हणाले, "मास्तर, एक इचारतो. खरं सांगसाल?"

"विचारा."

"हे पोट्टे आता रेघ देतील काय?"

मी पोरांकडे पाहिलं. देतील म्हणणं सोपं होतं, आणि त्या दिवशी ते त्यांना कोणीही म्हटलं असतं.

"नाही देणार सर," मी म्हणालो. "रेघेनं निकाल अडकतो हे त्यांनी आज पाहिलं. आता कोणीच देणार नाही."

ते माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिले. वाईट वाटलं असेल, पण ते दिसलं नाही. मान हलवून म्हणाले, "बरोबर आहे. मले बी तसंच वाटते." मग पायाशी ठेवलेली आपली कापडी पिशवी उचलून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली, "ध्यान ठेवजा जरा" म्हणाले, आणि खिडकीला डोकं टेकून झोपून गेले.

भिवापूरला गर्दी चढली, कोणीतरी त्यांच्या पायावर पाय दिला, तरी ते जागे झाले नाहीत. पवनी येईपर्यंत ती पिशवी मी दोन्ही हातांनी धरून बसलो होतो.